शेतघर जगवायचं की सजवायचं?

आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १ लाख ६६ हजार ७५२ घरं रिकामी सापडली. सुट्टीपुरती उघडली जाणारी घरं यात धरलेली नाहीत. जेमतेम ५१ लाख वस्तीचा देश, घर परवडत नाही म्हणून तिथली तरुण पिढी मेटाकुटीला आलेली, आणि गावोगावी मात्र आढं खचलेली, दारांना कुलपं लागलेली घरं उभी. सरकारने त्याच वर्षी जुलैत रिकाम्या घरांच्या दुरुस्तीसाठी अनुदान सुरू केलं आणि पुढच्या वर्षी त्याची मर्यादा वाढवली. घर नुसतं रिकामं असेल तर ५० हजार युरोपर्यंत, मोडकळीला आलेलं असेल तर ७० हजारांपर्यंत. पणजोबांचं शेतघर पुन्हा उभं करायचं मनात असलेल्यांच्या हाती पहिल्यांदाच नाव घेण्याजोगा पैसा आला.

योजना चांगलीच आहे. पण पैसा नव्हता तेव्हा ही घरं पावसाने पन्नास वर्षांत संपवली, पैसा आल्यावर ती एका उन्हाळ्यात संपतात. आणि संपल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण भिंती जागच्या जागी असतात. गिलावा खरवडून दगड उघडे पाडलेले, आतल्या आडभिंती काढून एकच ऐसपैस हॉल, खाली काँक्रीट, दर्शनी बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. मालक कौतुकाने सांगतो, घर दोनशे वर्षांचं आहे. त्यात दोनशे वर्षांचे म्हणून काय ते दगडच उरलेले असतात.

ज्याला ‘जीर्णोद्धार’ म्हटलं जातं त्यातला बराचसा भाग असा असतो. त्यामुळे आधी हे घर काय होतं ते पाहायला हवं.

आयरिश शेतघर कुणा वास्तुविशारदाने कागदावर काढलेलं नसे. ते एका खोलीइतकंच रुंद असे आणि दोन, तीन, क्वचित चार खोल्या एका ओळीत लांबत गेलेल्या असत. या रुंदीला कारण होतं लाकूड. अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत बेटावरची जंगलं जवळपास साफ झाली होती आणि गरीब शेतकऱ्याला लांब तुळई मिळणं मुश्कील होतं. कित्येक घरांचे वासे दलदलीत हजारो वर्षं गाडले गेलेले ओक आणि पाइनचे ओंडके उकरून केलेले आहेत. तेवढ्या लाकडात चार-पाच मीटरचा गाळा झाकला जाई. कुटुंब वाढलं तर घर लांबीत वाढे, ऐपत आली तर वर माडी चढे. मागे-पुढे ते कधी फुगत नसे. गोठाही पुष्कळदा त्याच ओळीत, त्याच छपराखाली. जुन्या काही घरांत तर गाई माणसांच्याच दालनाच्या खालच्या टोकाला बांधत आणि मधून सांडपाण्याची मोरी काढलेली असे.

या लांबोळक्या घराचं केंद्र चूल. तिच्यात पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, रात्रंदिवस धुमसत राही. रात्री निखारे राखेत पुरायचे, पहाटे फुंकर घालून जागे करायचे. चूल विझणं घराला चांगलं नाही अशी समजूत. आणि दार चुलीशी कसं जोडलं आहे यावरून अभ्यासक आजही घर बेटाच्या कुठल्या भागातलं ते सांगतात. पश्चिमेला आणि उत्तरेला दार चुलीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतं. तिथे बहुधा समोरासमोर दोन दारं असतात. वारा ज्या बाजूने असेल ती बाजू बंद, दुसरी उघडी. पूर्वेला आणि आग्नेयेला दार थेट चुलीलगत येतं, म्हणून आत शिरताच एक आडभिंत उभी केलेली असते. तिने वारा अडतो. त्या भिंतीत तळहाताएवढी एक खिडकी ठेवलेली असते. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला जागचं न उठता दारात कोण आलंय ते त्यातून दिसे. ही खिडकी पाहिली की घर बांधणाऱ्याला माणसांची किती पारख होती ते कळतं. आजच्या नूतनीकरणात सगळ्यात आधी हातोडा पडतो तो नेमका या आडभिंतीवर, कारण ‘जागा मोकळी वाटत नाही’.

दुसरा बळी चुलीमागच्या खोलीचा. १९३० च्या दशकात हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ कॉनरॅड एरेन्सबर्ग आणि सोलन किंबल काउंटी क्लेअरमध्ये राहिले होते. त्यांनी या खोलीबद्दल लिहून ठेवलं आहे. लोक तिला ‘पश्चिमेची खोली’ म्हणत. मुलाचं लग्न ठरलं की शेत त्याच्या नावावर होई आणि म्हातारा-म्हातारी त्या खोलीत मुक्काम हलवीत. घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी, जपून ठेवलेल्या वस्तू तिथेच. कारभार सोडल्याची खूण म्हणजे ती खोली. घर पश्चिमेकडे वाढवू नये असा दंडकही अनेक ठिकाणी पाळत. बांधकामापूर्वी जागेच्या कोपऱ्यांवर दगड किंवा काठ्या रोवून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी हललेल्या दिसल्या तर जागा बदलायची, कारण ती ‘त्यांच्या’, म्हणजे पऱ्यांच्या, वाटेवर आहे, हाही रिवाज होता. काही घरांत फरशीखाली घोड्याच्या कवट्या पुरलेल्या सापडल्या. नाचताना पायांचा ठेका घुमावा म्हणून, असं जुनी माणसं सांगत. मग त्या फरश्या उखडून काँक्रीट ओतणाऱ्याने काय पुसलं, याची मोजदाद अनुदानाच्या अर्जात कुठे करायची?

भिंतींची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बिघाड तिथेच होतो. दोन-दोन फूट जाडीच्या या भिंती जिथे दगड मिळे तिथे दगडाच्या, नाही तिथे पेंढा कालवलेल्या मातीच्या. दगडांच्या मधेही बहुतेक चिखल किंवा चुन्याचा कालवा. वरून चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी चुन्याची सफेदी. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, त्यात कुणी चरबी घालत, कुणी निळीची पूड. आयर्लंडच्या खेड्यांत ‘स्टेशन्स’ नावाची प्रथा आहे: पाद्री पाळीपाळीने एकेका घरात येऊन प्रार्थना घेतो आणि आळीतले सगळे तिथे जमतात. आपली पाळी आली की घर आतून-बाहेरून रंगवायचं, वळचण नीट करायची. देखभालीचं वेळापत्रक असं आपोआप ठरलेलं असे. सफेदी पांढरीच हवी असंही नव्हतं. आग्नेयेकडे पिवळ्या, तांबूस मातीचे रंगही चुन्यात मिसळत. सगळी आयरिश घरं शुभ्र असतात ही समजूत बरीचशी पोस्टकार्डांनी रुजवली.

अशा भिंतीत ओल येतेच. जमिनीतून चढते, पावसाने शिरते. चुना तिला बाहेर पडू देतो, वारा सुटला की भिंत वाळते. आयरिश सिमेंट कंपनीचं उत्पादन १९३८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत गावागावांत सिमेंट पोचलं. ते टणक, स्वस्त आणि गवंड्याला सोपं. लोकांनी जुन्या भिंतींवर त्याचा गिलावा चढवला आणि भिंतीला ऐन मे महिन्यात रेनकोट घालून बसवलं. आत गेलेलं पाणी बाहेर येईना. वाशांची टोकं कुजली, मातीच्या भिंती आतून मऊ पडल्या, आणि मग त्याच लोकांनी निष्कर्ष काढला की जुनी घरं ओलीच असतात. आता काही ठिकाणी त्याच चुकीची पुढची आवृत्ती निघते आहे. ऊर्जाबचतीच्या नावाखाली भिंतीला आतून प्लास्टिकसदृश फोमचे तक्ते ठोकले जातात. सरकारच्याच वारसा विभागाने जुन्या घरांसाठी वेगळ्या, हवा खेळू देणाऱ्या साहित्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. कंत्राटदार ती वाचतो का, हा प्रश्न आहे.

उघड्या दगडांची हौस तर निव्वळ गैरसमजावर उभी आहे. तो ओबडधोबड दगड दिसावा म्हणून कुणी रचलाच नव्हता. शेतकरी गिलाव्याशिवाय भिंत ठेवायचा ती गोठ्याची, राहत्या घराची फार क्वचित. पबमालकांनी ‘जुनाट’ वातावरणासाठी दगड उघडे केले, मग घरमालकांनी पबचं अनुकरण केलं. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आडवा मारतो. तिथे गिलावा काढणं म्हणजे घराला आपल्या हाताने भिजत ठेवणं.

छप्पर हा स्वतंत्र अध्याय आहे. वाशांवर आधी गवताळ जमिनीची सोललेली पापुद्र्यासारखी ढेपळं, गवत-मुळांसकट, गालिच्यासारखी अंथरायची आणि दोरीने वाशांना शिवायची. त्यावर गव्हाचा, रायचा किंवा ओटचा पेंढा, कुठे जवसाच्या काड्या, कुठे पाणथळीतला बोरू. बऱ्याच भागांत पेंढा हेझल किंवा विलोच्या वाकवलेल्या कांब्यांनी टाचून ठेवतात. अटलांटिकच्या तोंडावर एवढ्याने भागत नाही. तिथे आढ्याला धारच ठेवत नाहीत, छप्पर गोलसर करतात, वरून दोऱ्यांचं जाळं टाकतात आणि दोऱ्यांची टोकं वळचणीखाली भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात. दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा थर चढे. त्यामुळे एका छपरात पिढ्यान् पिढ्यांचा पेंढा, आता कुणी पेरत नाही अशा धान्याच्या काड्या, तणांची बीजं आणि तळाशी चुलीच्या धुराने काळा झालेला थर, असा शेतीचा सगळा दप्तरखाना सापडतो.

यातला एक विनोद असा की असे कित्येक दप्तरखाने वाचवले ते सगळ्यांनी नाकं मुरडलेल्या पत्र्याने. शाकारायला पैसा आणि माणूस मिळेनासा झाला तेव्हा शेतकऱ्यांनी पेंढ्यावरच नालीदार पत्रा ठोकला आणि त्याला तांबडा रंग दिला. दिसायला ओंगळ, पण खालचा पेंढा कोरडा राहिला. हौशी मालक पहिल्याच दिवशी पत्रा काढतो आणि त्याबरोबर खालचं सगळं कचरा म्हणून ट्रॉलीत भरतो.

एवढं सगळं सांगितलं म्हणून ही घरं सोडून गेलेल्यांना दोष देण्याचं कारण नाही. इथे रम्य आठवणींना थोडा लगाम हवा. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. घरांचे चार वर्ग केलेले होते. सगळ्यात खालच्या, एका खोलीच्या मातीच्या झोपड्या ४ लाख ९१ हजार, म्हणजे एकूण घरांच्या एक तृतीयांशाहून जास्त. मग बटाट्यावर करपा आला. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच परागंदा झाली. १८५१ मध्ये त्या चौथ्या वर्गाच्या झोपड्या सुमारे १ लाख ३५ हजार उरल्या. म्हणजे आज ‘पारंपरिक आयरिश घर’ म्हणून आपण जे पाहतो ते तगून राहिलेल्यांचं, थोड्या बऱ्या ऐपतीच्या शेतकऱ्यांचं घर आहे. सर्वांत गरिबांची घरं त्यांच्यासोबतच मातीत गेली.

उरलेल्यांचीही जमीन मालकीची नव्हती. कुळाने घर चांगलं केलं तर खंड वाढायची भीती, म्हणून घर मुद्दाम साधं ठेवण्यातच शहाणपण. आणि कूळ निघत नसेल तर? १८८८ मध्ये काउंटी क्लेअरमध्ये किलरशजवळच्या व्हँडलर जमीनदारीत भिंती फोडायला ओंडक्याचा यांत्रिक धक्का वापरला गेला, त्याची छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत. घर राहण्याजोगं ठेवलं नाही की कुटुंब परत येत नाही, असा हिशेब. १९०३ च्या विंडम कायद्याने कुळांना जमिनी विकत घेणं शक्य झालं, त्यानंतर स्लेटची छपरं, माड्या आणि मोठ्या खिडक्या गावोगावी दिसू लागल्या.

ग्रामीण विद्युतीकरण १९४६ मध्ये सुरू झालं, नळ त्याच्याही नंतर आले. तेव्हा १९७१ मध्ये जॅक फिट्झसायमन्स यांनी ‘बंगलो ब्लिस’ नावाचं, स्वस्तात घराचे तयार नकाशे देणारं पुस्तक काढलं आणि ते लाखावर प्रतींनी खपलं, यात नवल काय? न्हाणीघर, संडास, उजेडाच्या खोल्या. शहरातल्या पत्रकारांनी या बंगल्यांवर ‘बंगलो ब्लिट्झ’ म्हणून झोड उठवली. टीका देखाव्यापुरती खरी होती, पण ओल्या भिंतीत पाच लेकरं वाढवलेल्या बाईला तिचा काय उपयोग? जुन्या घराच्या शेजारीच नवा बंगला उठला आणि जुन्यात वासरं बांधली गेली. एका अर्थी त्यामुळेच अनेक जुनी घरं शिल्लक राहिली.

जपणूक झाली तीही अनेकदा घरासाठी नव्हे, घरातून गेलेल्या माणसासाठी. उत्तर आयर्लंडच्या टायरोनमध्ये ओमाजवळचं मेलन घराण्याचं शेतघर याचं ठळक उदाहरण. १८१३ मध्ये जन्मलेला टॉमस मेलन पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर तिथून अमेरिकेला गेला, पिट्सबर्गमध्ये न्यायाधीश झाला, बँक काढली. त्याचा मुलगा अँड्र्यू पुढे दशकभराहून अधिक काळ अमेरिकेचा अर्थमंत्री होता. घराण्याच्या मदतीने ते दगडी, शाकारलेलं घर मूळ जागीच दुरुस्त झालं आणि त्याच्याभोवती १९७६ मध्ये अल्स्टर अमेरिकन फोक पार्क उभा राहिला. काउंटी वेक्सफर्डमधल्या डंगन्सटाउनचं केनेडी घरही जॉन केनेडी जून १९६३ मध्ये तिथे येऊन गेले म्हणून जगाला माहीत झालं. शेजारच्या वाडीतून गेलेला माणूस बॉस्टनच्या गोदीत हमाली करत मेला असेल, तर त्याच्या घराच्या भिंतीला टेकू द्यायला कुणी आलं नाही. प्रसिद्धीही घर वाचवतेच असं नाही. १९५२ च्या जॉन फोर्डच्या ‘द क्वाएट मॅन’ चित्रपटातलं पांढरं शेतघर ही जगाच्या डोक्यातली आयर्लंडची प्रतिमा, आणि काउंटी गॉलवेतलं ते खरं घर आज दगडांचा ढीग होऊन पडलं आहे.

बनरॅटीच्या फोक पार्कमधलं शॅननचं शेतघर वेगळ्या कारणाने तिथे आलं. विमानतळाच्या धावपट्टीच्या आड येत होतं म्हणून ते पाडायचं ठरलं, मग सोडवून इकडे पुन्हा रचलं. त्या संग्रहालयाची सुरुवातच त्या घराने झाली. अशा संग्रहालयांचं मोल मान्य करूनही म्हणावं लागतं की तिथे चूल पेटते ती पर्यटकांच्या वेळेत. त्यापेक्षा वेक्सफर्डच्या मेग्लास इथलं काम अधिक शिकवणारं आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं मातीच्या भिंतींचं, शाकारलेलं ते शेतघर आयर्लंडच्या हेरिटेज कौन्सिलने आहे त्या जागी सावरलं. अशा कामात जुनं काढून नवं घालण्यापेक्षा जुन्याला कुठे हात लावायचा नाही हे ठरवण्यातच डोकं जास्त चालवावं लागतं. कौन्सिलची शेतावरच्या जुन्या गोठ्या-कोठारांसाठीची योजनाही याच धोरणाने चालते. खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत, पण अट अशी की लागेल तेवढीच दुरुस्ती करा, साहित्य मूळचंच वापरा, छपरातल्या वटवाघळांना आणि पाकोळ्यांनाही धक्का लावू नका.

मग राहत्या घराच्या ७० हजार युरोंना अशी अट का नाही? कायद्याने संरक्षित इमारतींच्या यादीत ही साधी शेतघरं फारशी नाहीत. यादी भरते ती हवेल्यांनी आणि चर्चनी. सरकारने २०२१ मध्ये लोकवास्तुकलेच्या जतनाचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं, त्यातली भाषा उत्तम आहे. पण भाषेने शाकारणी होत नाही. शाकारलेल्या छपरासाठीचं नेहमीचं अनुदान कित्येक वर्षं ३ हजार ८१० युरोंवर अडकून राहिलं, आणि सबंध छप्पर शाकारण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट. वारसा निधीच्या योजनांत अलीकडे अशा घरांचा वेगळा विचार होऊ लागला आहे, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. पण आगीच्या भीतीने बहुतेक विमा कंपन्या अशा घरांचा विमा उतरवायला तयार नाहीत, उतरवला तर हप्ता कंबर मोडणारा. विमा नाही तर बँकेचं कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर तरुण जोडपं ते घर घेणार कसं? पेंढ्याऐवजी स्लेट बसवण्याचा सल्ला त्यांना बाहेरचं कुणी देत नाही, आकडेच देतात.

उपाय फार गुंतागुंतीचे नाहीत. मोठ्या अनुदानातला ठरावीक हिस्सा चुन्याच्या कामासाठी राखून ठेवावा. आतल्या आडभिंती आणि चूल न हलवणाऱ्याला जास्त रक्कम मिळावी. शाकारलेल्या घरांच्या विम्याची हमी सरकारने स्वतः घ्यावी. एवढ्या थोड्या घरांचा भार कुठल्याही अर्थमंत्र्याला पेलण्यासारखा आहे. आणि चुना, माती, पेंढा हाताळणारे कारागीर तयार करण्यावर खर्च व्हावा. पैसा मंजूर झाला आणि गवंडी सिमेंटवालाच आला, तर सगळं मुसळ केरात. याबरोबर घरात न्हाणीघर, गरम पाणी, इंटरनेट हेही हवंच. माणूस राहत नसलेलं जुनं घर फार काळ तग धरत नाही.

डब्लिन, कॉर्क, गॉलवेत आता बरीच मराठी मंडळी नोकरीनिमित्त स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी कुणी गावाकडचं जुनं शेतघर घ्यायचं मनावर घेतलं, तर पहिला खर्च चुन्याचं काम जाणणाऱ्या वास्तुतज्ज्ञावर करावा. एक हिवाळा घर नुसतं पाहावं: ओल कुठून येते, वारा कुठून लागतो, चुलीचा धूर कसा ओढला जातो. आडभिंत त्यानंतरही नकोशी वाटली तर तेव्हा बोलू. आणि पत्रा उचकटण्याआधी त्याच्याखाली काय दडलंय, ते एकदा जाणकाराला दाखवून घ्यावं.